लांब पल्ल्याची धावपटू, तीन वर्षांचा करार आणि चोवीस रोड रेस: सोलापूरचं एक प्रकरण

सोलापुरातल्या एका कॉलेजात बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी, ५००० आणि १०,००० मीटर पळते, गाव मोहोळ तालुक्यात, घरी शेती आणि दोन म्हशी. विद्यापीठाच्या क्रॉस कंट्रीत पहिल्या तिघींत आली, आसपासच्या दोन-चार रोड रेसमध्ये पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघींत, दिसली, आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका गारमेंटवाल्यांचा तिच्या कोचना फोन आला की पोरीला आम्ही स्पॉन्सर करतो, कागद तयार आहे, सही करून टाका. हे शेठ मूळचे शाळेच्या युनिफॉर्मवाले, सोलापुरात युनिफॉर्मचा धंदा किती मोठा आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको, आणि आता त्यांनी स्पोर्ट्सवेअर काढलंय, ड्राय-फिट टी-शर्ट, ट्रॅक पँट वगैरे. मी टॅक्सचं काम करतो आणि सकाळी पळणाऱ्यांच्यात असतो, त्यामुळे तिच्या कोचनी, म्हणजे सरांनी, कागद माझ्याकडे आणला. त्या चार पानांवरून पुढे जी ओढाताण झाली ती सगळी इथे लिहितोय, कारण तसलाच कागद आता जिल्ह्यातल्या अजून पोरापोरींकडे फिरतोय आणि घरचे आकडा बघून सही करायला निघालेत. मुलीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील आणि रकमा थोड्या बदलल्यात, कलमं होती तशीच आहेत.

कागदावर काय होतं

महिना ८,००० रुपये, वर्षाला दोन जोड बूट, टी-शर्ट-शॉर्ट्स-ट्रॅकसूट लागतील तेवढे, पोडियमला वेगळा बोनस, मुदत तीन वर्षं. वडिलांची पहिली प्रतिक्रिया होती, "महिन्याला आठ हजार म्हंजे डेअरीला दूध घालून बी एवढं हातात ऱ्हात नाही सर, पोरीचं नशीब काढलं." त्यांचं काही चुकत नव्हतं. खुराक, बसभाडं, खोलीचं भाडं, स्पर्धेला जायचा खर्च, हे सगळं आत्तापर्यंत घरातून आणि रोड रेसच्या बक्षिसातून निघत होतं.

पण कागद इंग्रजीत, ५०० च्या स्टॅम्प पेपरवर, आणि घरात ते इंग्रजी वाचणारं कुणी नाही. म्हणून पहिलं काम आम्ही काय केलं तर रविवारी गावी जाऊन तो कागद कलमाकलमाने मराठीत वाचून दाखवला, मुलगी, आई, वडील, सर असे सगळे समोर बसवून. सहाव्या कलमापर्यंत सगळे माना डोलवत होते. सहावं कलम असं होतं: दर महिन्याला कंपनी सांगेल त्या किमान दोन रोड रेस कंपनीच्या टी-शर्टमध्ये पळायच्या, आणि सलग दोन महिने पोडियम आला नाही तर मानधन निम्मं.

तिथे सरांनी थांबवलं. महिन्याला दोन म्हणजे वर्षाला चोवीस. त्यात कॉलेजची आंतरमहाविद्यालयीन क्रॉस कंट्री, मग ऑल इंडिया इंटर युनिव्हर्सिटी क्रॉस कंट्री, मग ॲथलेटिक्स, जमलं तर खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स, राज्य स्पर्धा. तिशीच्या वर जातो आकडा. सर म्हणाले, लांब पल्ल्याच्या मुलीला वर्षात जीव ओतून पळता येतील अशा रेस दहा, फार तर बारा. दहा किलोमीटर पूर्ण ताकदीने पळाल्यावर आठवडा-दहा दिवस पायात खरा व्यायाम घेता येत नाही, हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर ताकद लावून पळली तर दोन-तीन आठवडे गेले. क्रिकेटवाला आठवड्यात तीन मॅच खेळू शकतो, हिचं तसं नाही.

माझ्या मते या पूर्ण प्रकरणाचा गाभा इथेच आहे. सगळे जण मानधनाचा आकडा बघत होते, पण मुलीकडे विकायला खरा माल एकच आहे आणि तो म्हणजे वर्षातल्या त्या दहा-बारा रेस. करार ८,००० रुपयांत तिच्याकडे होत्या त्याच्या दुप्पट रेस विकत घेत होता. वर निम्म्या मानधनाचं कलम, म्हणजे थकलेली असली, पाय दुखत असला, पाळी असली तरी पोडियमसाठी पळायलाच पाहिजे. नडगीचं हाड याच्यातच जातं. आधी नुसतं दुखतं, मग सूज, मग स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला बारीक तडा, आणि मग पूर्ण सीझन घरी.

आणि तिने विद्यापीठाच्या रेस सोडून रोड रेसच का पळू नयेत, हाही प्रश्न घरून आलाच, कारण रोख बक्षीस तिथेच मिळतं. उत्तर नोकरीत आहे. आपल्याकडे लांब पल्ल्याचं पळणाऱ्या पोरापोरींचं खरं ध्येय काय असतं ते घरोघरी माहीत आहे: रेल्वे, पोलीस, आर्मी, राज्य सरकारचं ५ टक्के क्रीडा आरक्षण. रेल्वेच्या स्पोर्ट्स कोट्यात ऑल इंडिया इंटर युनिव्हर्सिटीचं पदक धरलं जातं, गावच्या खुल्या रोड रेसची ट्रॉफी धरली जात नाही. बीडच्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे आधी आर्मीत गेला आणि मग स्टीपलचेसमध्ये (अडथळे आणि पाण्यावरून उड्या मारत पळायची शर्यत) आशियाई सुवर्णापर्यंत पोचला, साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या फायनलला दहावी आली आणि पुढे सरकारी अधिकारी झाली. मुलीच्या डोक्यात ही उदाहरणं आहेत, आणि करार तिला तिथून लांब नेत होता.

बुटांचा हिशोब

दोन जोड बूट ऐकायला बरं वाटतं. मुलगी आठवड्याला साधारण ९० किलोमीटर पळते, महिन्याचे ३६० झाले, सरावाचा बूट चांगला असला तरी ७०० च्या आसपास मरतो, आपल्या डांबरी रस्त्यांवर आणि उन्हाळ्यात तर आधीच. म्हणजे दोन महिन्याला एक जोड, वर्षाला सहा. तिचा सरावाचा बूट पाच हजारांच्या घरात येतो, तर तीस हजार रुपये फक्त बुटांचे, महिन्याला अडीच हजार. त्यातले दोन जोड शेठ देणार, आणि करारात लिहिलेलं "कंपनी ठरवेल त्या ब्रँडचे." पायाला बसला नाही तर? आम्ही म्हटलं बूट नको, बुटांचे पैसे द्या, ती तिच्या पायाचा घेईल. (रेसच्या बुटांना सोलच्या जाडीचा पण नियम आहे, रोडवर ४० मिलिमीटर, ट्रॅकवर नोव्हेंबर २०२४ पासून २० मिलिमीटर, त्यामुळे रोडवरचा जाड कार्बन प्लेटवाला बूट ट्रॅकवर चालत नाही. हे दुकानदार सांगत नाहीत, स्टार्ट लाइनवर कळतं.)

पावडरीचं कलम

नवव्या कलमात होतं की कंपनीच्या "न्यूट्रिशन पार्टनर"चा प्रोटीन आणि प्री-वर्कआउट (व्यायामाआधी घ्यायची पावडर) रोज घ्यायचा आणि महिन्याला दोन व्हिडिओत दाखवायचा. हे कलम काढल्याशिवाय सही नाही, असं सरांनी आणि मी पहिल्याच दिवशी ठरवलं, यावर घासाघीस करायची नाही. डोपिंगचा नियम सरळ आहे, शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. पावडरीत भेसळ होती, शेठनी दिली होती, कोचनी दिली होती, हे सांगून शिक्षा फार तर कमी होते, पॉझिटिव्हचा शिक्का पुसत नाही. २०२३ साली भारतात ५,६०६ चाचण्या झाल्या आणि २१३ पॉझिटिव्ह निघाल्या, ३.८ टक्के. चाचण्या आता विद्यापीठ पातळीवर पण होतात. बंदी लागली तर मुलीची नोकरीची वाट बंद, पावडरवाल्याचा धंदा चालूच.

तिचं हिमोग्लोबिन कमी असायचं, त्यामुळे घरच्यांना वाटत होतं पावडरीने ताकद येईल. आपल्याकडे १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांना रक्त कमी आहे असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं, त्यात रोजचं पळणं आणि पाळी, म्हणजे लोह तपासून डॉक्टरच्या सल्ल्याने गोळी घेणं हा उपाय आहे. आणि इथे अजून एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण गावाकडे ही फार कॉमन आहे: अशक्तपणा वाटला की सलाइन लावून घ्यायची. हॉस्पिटलच्या खऱ्या उपचाराचा भाग नसेल तर १२ तासांत १०० मिलीच्या वर सलाइन हीच डोपिंगच्या यादीत बंदी असलेली गोष्ट आहे, आत औषध काय आहे ते नंतरचं. आईला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्या हादरल्याच.

करार संपल्यावरची कलमं

एक होतं की करार संपल्यावर दोन वर्षं दुसऱ्या कुठल्या कपडे किंवा बूट ब्रँडबरोबर काम करायचं नाही. हे आपल्या कायद्यात टिकत नाही, भारतीय करार कायदा १८७२ चं कलम २७. यावर २००६ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे आणि तो आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचाच आहे, परसेप्ट डी'मार्क विरुद्ध झहीर खान. करार संपल्यावर नवीन ऑफर आली तर आधी आम्हाला दाखव, आम्हाला तेवढे पैसे देता आले तर आमच्याकडेच राहा, असं कंपनीचं म्हणणं होतं, कोर्टाने ते कलम मुदत संपल्यावर लागू होत नाही असं ठरवलं. शेठच्या वकिलाला हा निकाल सांगितल्यावर त्यांनी फार न बोलता कलम काढलं. पण हेही खरं की मोहोळ तालुक्यातली मुलगी सुप्रीम कोर्टात जाणार नाहीये, त्यामुळे टिकत नाही म्हणून कागदावर राहू द्यायचं हे चालत नाही, सहीच्या आधी खोडायचं.

दुसरं, मधेच सोडलं तर आत्तापर्यंत दिलेल्या सगळ्या पैशाच्या दुप्पट परत. कोर्टात गेलं तर कलम ७४ खाली वाजवी नुकसानभरपाईच मिळते, दुप्पट वगैरे आपोआप मिळत नाही. पण धाक म्हणून ते पुरेसं असतं, वडिलांची झोप उडवायला. आणि त्याला जोडून सगळ्यात धोक्याचं काय होतं तर नोकरीबद्दल एक शब्द नव्हता. समजा दीड वर्षात रेल्वेत किंवा पोलिसात लागली. सरकारी नोकर झाल्यावर खाजगी कंपनीची जाहिरात परवानगीशिवाय करता येत नाही, मग करार मोडणार कोण, तर ती, आणि दुप्पट भरणार कोण, तर तीच. म्हणजे नोकरी लागल्याचा दंड. आम्ही एक ओळ टाकून घेतली: सरकारी किंवा निमसरकारी नोकरी लागली तर रुजू व्हायच्या तारखेला करार संपेल, कुणाचं कुणाला देणं नाही.

फोटो-व्हिडिओ वापरायचा हक्क "कायमस्वरूपी, कोणत्याही उत्पादनासाठी" होता, तो फक्त स्पोर्ट्सवेअरसाठी आणि करार संपल्यावर सहा महिने असा केला. पैसे कोचच्या खात्यावर जाणार होते, सरांनी स्वतःच सांगितलं की मुलीच्या खात्यावर जाऊ देत.

शेठची बाजू

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल शेठ वाईट माणूस. तसं अजिबात नाही. ते समोरासमोर बसल्यावर मोकळं बोलले: "बाळ, तू विद्यापीठाच्या क्रॉस कंट्रीत पहिली आलीस तर बघायला कोण असतं? तुझे सर आणि चार पंच. आणि तिथे अंगात विद्यापीठाचा बनियन, माझं नाव कुठाय? रोड रेसला हजार लोक असतात, ते माझं गिऱ्हाईक आहे." याला उत्तर नाही. विद्यापीठाच्या टीममध्ये विद्यापीठाचंच किट घालावं लागतं, त्यात त्यांच्या लोगोला जागा नाही. छोटा कारखानदार खिशातून पैसे घालतोय, त्याला त्याचा टी-शर्ट लोकांना दिसायला हवा, ही मागणी रास्त आहे. अडचण एवढीच की दिसायचा मार्ग म्हणून त्यांना फक्त रेसच सुचत होत्या.

तोडगा सरांना सुचला. हिचा सीझन साधारण ऑगस्टपासून फेब्रुवारीपर्यंत. मेमध्ये सोलापूरचं ऊन चाळिशीच्या वर, मे-जूनला हलका सराव, रेस नाहीतच. आणि शेठचा युनिफॉर्मचा धंदा नेमका तेव्हाच जोरात, शाळा जूनच्या मध्याला उघडतात, खेळाच्या ड्रेसच्या ऑर्डरी त्याच सुमाराला. मग मुलीने जूनमध्ये शाळांत जायचं, पोरींना पळण्याबद्दल बोलायचं, शेठच्या टी-शर्टमध्ये. एका शाळेत दोनशे पोरं आणि ऑर्डर देणारे मुख्याध्यापक समोर. रोड रेसच्या हजार लोकांपेक्षा हे गिऱ्हाईक शेठना जास्त कामाचं, आणि मुलीच्या पायांना काहीच खर्च नाही. शेठनी क्षणभर विचार केला आणि मॅनेजरला म्हणाले, लिहून घे.

शेवटी ठरलं ते असं: मुदत एक वर्ष, पुढचं दोघांच्या संमतीने. मानधन ८,००० वरून ६,५०० वर आलं, हे शेठनी मागितलं आणि आम्ही मान्य केलं. रोड रेस वर्षाला सहा, कुठल्या ते सर ठरवणार, विद्यापीठाच्या स्पर्धेआधी तीन आठवडे एकही नाही. पोडियम आला नाही तर कपात नाही. दुखापत झाली आणि डॉक्टरचा कागद असला तर तीन महिने मानधन चालू. बुटांचे वर्षाला २५,००० रुपये वेगळे. पावडर नाही. जूनमध्ये आठ शाळा, महिन्याला दोन सरावाचे व्हिडिओ. घरी १,५०० कमी झाले म्हणून थोडी नाराजी होती, पण बुटांचे पैसे धरले की महिन्याला साडेआठ हजारांच्या वर जातं, हे वडिलांना वहीत मांडून दाखवलं.

गड्ड्यावरून, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेवरून, मात्र बरंच ताणलं गेलं. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर शेठचा स्टॉल असतो, आणि त्यांची इच्छा होती की यात्राभर रोज संध्याकाळी तिने स्टॉलवर उभं राहावं. गर्दीत, धुळीत, चार-चार तास उभं राहणं आणि पहाटे पाचला सराव, हे जमणारं नव्हतं. पण गड्डा म्हटल्यावर सोलापूरच्या माणसाच्या भावना असतात, सरळ नाही म्हणता येईना. एक संध्याकाळ, दोन तास, बसायला खुर्ची, असं लिहिलं. खुर्ची हा शब्द करारात आहे.

सीझनमध्ये काय झालं

पहिल्याच महिन्यात टी-शर्टची तक्रार आली. काखेतली शिलाई जाड होती, बारा किलोमीटरनंतर कातडी सोलून निघायची, तिने फोटो काढून ठेवलेले. सरांनी सांगितलं हे शेठना दाखव, लपवून दुसरा टी-शर्ट घालून पळू नको. शेठनी कारखान्यात बोलावलं, कटिंग मास्टर आणि ती समोरासमोर बसले, फ्लॅटलॉक, म्हणजे सपाट बसणारी, शिलाई करायची, बाहीची कट थोडी मागे घ्यायची असं ठरलं. नवीन नमुना तिने तीन आठवडे पळून बघितला मगच माल काढला. माझ्या लेखी शेठना या करारातून मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, आणि ती मूळ कागदात कुठेच नव्हती.

डिसेंबरमध्ये नडगी दुखायला लागली. एमआरआयमध्ये फ्रॅक्चर नव्हतं, सुरुवात होती, डॉक्टरांनी सहा आठवडे पळणं बंद सांगितलं. एक रोड रेस गेली. त्या महिन्याचं मानधन शेठच्या अकाउंटंटने अडवलं, मग करारातलं कलम आणि डॉक्टरचा कागद पाठवला, थोडा उशीर झाला पण पूर्ण आलं. जुन्या कागदाप्रमाणे याच वेळी मानधन निम्मं होऊन ती दुखऱ्या पायाने पळत असती. फेब्रुवारीत हळूहळू परत सुरुवात केली.

टॅक्सचं थोडक्यात. मानधन वर्षाला ५०,००० च्या वर गेलं की १० टक्के टीडीएस कापला जातो, वस्तू स्वरूपात २०,००० च्या वर मिळालं तरी जुलै २०२२ पासून तसाच नियम आहे. मुलीचं उत्पन्न करपात्र नाही, पण रिटर्न भरल्याशिवाय कापलेले पैसे परत येत नाहीत, त्यामुळे पॅन कार्ड आधी काढा. आणि व्हिडिओतच "जाहिरात" असं मराठीत स्पष्ट लिहायचं, फुकट टी-शर्ट मिळाला असला तरी लिहायचं, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा दंड तोंड दाखवणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत होऊ शकतो.

कुणीतरी विचारलं की अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंना लाखो डॉलर मिळतात मग आपल्याकडे असं का. तिथेही १ जुलै २०२१ पर्यंत कॉलेज खेळाडूला स्वतःच्या नावाचे पैसे घ्यायला बंदी होती. आता परवानगी आहे, जून २०२५ च्या हाउस खटल्याच्या (कॉलेज खेळाडूंनी तिथल्या क्रीडा संघटनेवर केलेला) तडजोडीनंतर कॉलेजं स्वतःही पैसे देऊ शकतात, पण तो पैसा मुख्यतः फुटबॉल-बास्केटबॉलला जातो, क्रॉस कंट्रीवाल्यांच्या वाट्याला आलं ते संघात जास्तीत जास्त १७ जण हे बंधन. मला त्यातली घेण्यासारखी वाटते ती एकच गोष्ट: ६०० डॉलरच्या वरचा बाहेरचा करार तिथे कळवावा लागतो आणि कुणीतरी तो तपासतं. आपल्याकडे कॉलेजच्या जिमखान्यात एवढं झालं, की क्रीडा संचालक आणि कायदा शिकवणारे एक प्राध्यापक मिळून पोरांचा कागद सहीआधी वाचतील, तरी खूप झालं. याला पैसा लागत नाही.

आता नूतनीकरणाची बोलणी चालू आहेत. शेठना दोन वर्षांचा करार हवाय आणि शाळा आठच्या बारा, मुलगी तयार आहे. आमच्याकडून यावेळी मागणी सरांची आहे. रोज पहाटे पाचला कुमठा नाक्याच्या क्रीडा संकुलावर उभे राहणारे सर, व्हिडिओत आवाज त्यांचा, वेळापत्रक त्यांचं, आणि पूर्ण वर्षात त्यांना या करारातून एक रुपया मिळालेला नाही. सर स्वतः मागणार नाहीत, मुलीच्या पैशातून तर घेणारच नाहीत. म्हणून मानधनाला हात न लावता कोचचे महिना २,००० वेगळे, कोचच्या नावाने, असं कलम आम्ही लिहून दिलंय. शेठ हजारावर आलेत, आम्ही दोन हजारांवर आहोत.